नोंद, किंमत आणि कागद : बँकांच्या कर्जरोखे गुंतवणुकीच्या लेखाकर्माचा महाराष्ट्रातील इतिहास

प्रस्तावना :

बँकेच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस दोन मोठ्या रकमा असतात. एक कर्जे, दुसरी गुंतवणूक. कर्जांविषयी सभासद आणि ठेवीदार पुष्कळ बोलतात. थकबाकी किती, अनुत्पादक कर्जे किती, तारण कोणते, हे प्रश्न वार्षिक सभेत हमखास विचारले जातात. वसई-विरार पट्ट्यात तर सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आल्यापासून ही जागरूकता अधिकच वाढली. त्या बँकेचे दुखणे कर्जाचे होते, रोख्यांचे नव्हते. त्यामुळे गुंतवणुकीचे परिशिष्ट मात्र पूर्वीइतकेच दुर्लक्षित राहिले. सरकारी रोखे म्हणजे बुडीत न जाणारी मालमत्ता, त्यात पाहण्यासारखे काय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वाणिज्य शाखेच्या अध्यापकांतही ती आढळते.

प्रस्तुत लेखात या समजुतीचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. कर्जरोख्याच्या नोंदीसंबंधी दोन स्वतंत्र प्रश्न उद्भवतात. पहिला, नोंदविलेला रोखा बँकेच्या ताब्यात आहे काय? दुसरा, असल्यास तो कोणत्या किमतीस दाखवावा? गेल्या पन्नास वर्षांतील नियमांचा आणि पाठ्यपुस्तकांचा भर दुसऱ्या प्रश्नावर राहिला. महाराष्ट्रातील बँका ज्या दोन प्रसंगी रोख्यांच्या व्यवहारांत होरपळल्या, ते दोन्ही प्रसंग मात्र पहिल्या प्रश्नाचे होते.

प्राचीन नोंद :

आचोळे हे गाव आज नालासोपारा पूर्वेच्या वस्तीत मिसळून गेले आहे. हा परिसर प्राचीन शूर्पारकाचा. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेण्यांतील लेखांत शूर्पारकाचा उल्लेख दानधर्माच्या संदर्भात येतो. त्याच लेण्यातील, वर्ष ४२ चा निर्देश असलेला एक लेख आपल्या विषयास थेट उपयोगी आहे. उषवदाताने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी २००० एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा १ या व्याजाने आणि १००० दुसरीकडे दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजाचाच उपभोग घ्यावयाचा, अशी अट होती. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीरपणे ऐकविण्यात आला आणि दप्तरातील फलकावर नोंदविण्यात आला, असेही लेखात म्हटले आहे.

मुद्दल कधीच विकावयाचे नसल्याने त्याच्या बाजारभावाचा प्रश्न उद्भवत नव्हता. अस्तित्वाचा प्रश्न मात्र होता, आणि तो जाहीर वाचन व त्रयस्थाकडील नोंद या दोन उपायांनी सोडविला होता. धनको आणि ऋणको या दोघांच्या वह्यांवर कोणी विसंबून राहिले नाही, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या बाजाराने विसरावी, याचे नवल वाटते.

पुस्तकी किमतीचा काळ :

ब्रिटिश अमदानीत सरकारी कर्जाचा कागद विकत घेता व विकता येऊ लागला आणि किमतीचा प्रश्न जन्मास आला. साडेतीन टक्क्यांचा सरकारी कागद ही त्या काळी विश्वस्त निधींची व सुखवस्तू घराण्यांची आवडती गुंतवणूक होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने अधिक व्याजाची कर्जे उभारली, तेव्हा या जुन्या कागदाचे भाव उतरले. व्याज नियमित मिळत होते, पण विकावयास गेल्यास मुद्दल पूर्ण हाती येत नव्हते. वसईत पापडी येथे १९१८ साली कॅथलिक समाजाच्या पुढाकाराने पतसंस्था स्थापन झाली, तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक या नावाने नागरी सहकारी बँक म्हणून वाढली. तिचा जन्म नेमका या काळातला आहे.

१९४९ च्या बँकिंग कायद्याने ठेवींचा ठरावीक हिस्सा रोख, सोने वा मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवणे बंधनकारक केले. १ मार्च १९६६ पासून हा कायदा सहकारी बँकांनाही लागू झाला. सहकारी बँकांच्या जुन्या 'नमुना अ' ताळेबंदात सरकारी रोखे पुस्तकी किमतीस दाखवून शेजारी दर्शनी किंमत व बाजारमूल्य लिहिण्याची सोय होती. बाजारमूल्य माहितीपुरते असे. ते पुस्तकी किमतीपेक्षा कमी असले तरी नफा-तोटा पत्रकास त्याची झळ सहसा पोहोचत नसे.

याला कारणही तसेच होते. रोख्यांवरील व्याजदर सरकार ठरवीत असे आणि तो मुद्दाम कमी ठेवला जाई. वैधानिक रोखता प्रमाण १९९० मध्ये ३८.५ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. सक्तीने घेतलेला व मुदत संपेपर्यंत तिजोरीत पडून राहणारा कागद बाजारभावाने मोजण्यात कोणालाच स्वारस्य नव्हते. जेथे मोकळा बाजार नाही, तेथे बाजारभाव तरी कोठून आणणार? मुदती रोख्यांचे लिलाव सुरू झाले ते जून १९९२ मध्ये.

१९९२ : पावतीलाच रोखा मानले गेले :

सरकारी रोख्यांची मालकी रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक ऋण कार्यालयातील खातेवहीत नोंदली जाई. ही वही हाताने लिहिली जात असल्याने हस्तांतराची नोंद होण्यास विलंब लागे. या विलंबावर उपाय म्हणून बँकांनी आपसांत 'बँक रिसीट' नावाची पावती देण्याचा प्रघात पाडला होता. अमुक रोखे विकले आहेत, ते यथावकाश सुपूर्द केले जातील, असा तिचा आशय असे. घेणारी बँक ही पावती हाती येताच 'गुंतवणूक खाते नावे' अशी नोंद करून पैसे देऊन टाकी.

द्विनोंदी पद्धतीच्या दृष्टीने या नोंदीत काहीही चूक दिसत नाही. नावे आणि जमा बाजू जुळतात, तेरीजही जुळते. पावतीमागे रोखा आहे काय, हे मात्र तेरीज सांगू शकत नाही. बँक ऑफ कराड ही सातारा जिल्ह्यात मूळ असलेली छोटी खाजगी बँक आणि मुंबईतील मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक, या दोहोंनी आपल्या कुवतीच्या अनेक पट रकमेच्या पावत्या दलालांच्या सोयीसाठी दिल्या. त्यांपैकी बहुतांश पावत्यांमागे रोखेच नव्हते. या पावत्या स्टँडर्ड चार्टर्ड बँक, कॅनफिना यांसारख्या मोठ्या संस्थांच्या वह्यांत गुंतवणूक म्हणून बसल्या होत्या. एप्रिल १९९२ मध्ये प्रकरण उघडकीस आले. रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर आर. जानकीरामन यांच्या समितीने या गैरव्यवहारांत अडकलेली रक्कम ४,०२४ कोटी रुपयांच्या घरात असल्याचे दाखविले. बँक ऑफ कराड मे १९९२ मध्ये अवसायनात गेली आणि १९९४ मध्ये तिचा व्यवसाय बँक ऑफ इंडियाकडे गेला.

हर्षद मेहता या नावाभोवती या घटनेची लोकस्मृती केंद्रित झाली आहे आणि शेअर बाजार हाच तिचा विषय समजला जातो. लेखाकर्माच्या अभ्यासकाने मात्र कराडच्या पावत्यांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. बँकेच्या मालमत्तेतील सर्वांत सुरक्षित समजली जाणारी बाब नुसत्या नोंदीत कशी उरते, हे त्या पावत्या दाखवितात.

किमतीचे नियम :

नरसिंहम समितीच्या (१९९१) अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने किमतीच्या प्रश्नाला हात घातला. १९९२ पासून गुंतवणुकीचे 'कायम' आणि 'चालू' असे दोन भाग झाले. चालू भागाचे बाजारभावाने मूल्यांकन करावयाचे आणि त्याचे प्रमाण वर्षागणिक वाढवावयाचे होते. आरंभी ३० टक्के असलेला हा भाग १९९९-२००० पर्यंत ७५ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २००० अखेरपासून त्रिविध विभागणी आली : मुदतपूर्तीपर्यंत धारण करावयाचे, विक्रीसाठी उपलब्ध, आणि व्यापारासाठी धारण केलेले रोखे. अमेरिकेच्या लेखामानक मंडळाने १९९३ मध्ये ११५ क्रमांकाच्या मानकात हेच तीन वर्ग केले होते. नागरी सहकारी बँकांनाही पुढे हीच विभागणी लागू झाली.

या नियमांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका बँकेने १०० रुपये दर्शनी किमतीचा, वार्षिक ७ टक्के व्याजाचा, १० वर्षे मुदतीचा रोखा १०० रुपयांस घेतला. दुसऱ्याच दिवशी बाजारातील परतावा ८ टक्के झाला, तर या रोख्याची किंमत सुमारे ९३ रुपये ३० पैसे होते. रोखा 'विक्रीसाठी उपलब्ध' वर्गात असल्यास ६ रुपये ७० पैशांचा घसारा विचारात घ्यावा लागतो. त्या वर्गातील इतर रोख्यांची वाढ वजा करून निव्वळ घसारा उरल्यास त्याची तरतूद करावयाची, निव्वळ वाढ उरल्यास ती दुर्लक्षावयाची, हा नियम. तोच रोखा मुदतपूर्तीपर्यंतच्या वर्गात असल्यास १०० रुपयांसच राहतो. दर्शनी किमतीपेक्षा अधिक, समजा १०५ रुपयांस घेतला असेल आणि ५ वर्षे उरली असतील, तर वरचे ५ रुपये उरलेल्या मुदतीत समान वाटून दरवर्षी १ रुपया खर्ची टाकावयाचा.

म्हणजे एकाच कागदाच्या दोन किमती, आणि त्यांतील निवड बँकेच्या हेतूवर अवलंबून! हेतू हा हिशेबाचा आधार होऊ शकतो काय, हा प्रश्न २००४ मध्ये कसोटीस लागला. दशवार्षिक रोख्यांवरील परतावा २००० मध्ये ११ टक्क्यांच्या आसपास होता. तो ऑक्टोबर २००३ पर्यंत ५ टक्क्यांच्या जवळ उतरला आणि बँकांनी रोखे विकून भरघोस नफा दाखविला. २००४ मध्ये वारा फिरला. त्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने मुदतपूर्तीपर्यंतच्या वर्गावरील एकूण गुंतवणुकीच्या २५ टक्क्यांची मर्यादा वैधानिक रोख्यांपुरती सैल केली आणि रोखे त्या वर्गात हलविण्याची एकवार मुभा दिली. हलविताना झालेला घसारा सोसावा लागला, हे खरे. तरीही बाजार चढता असताना बाजारभाव आणि उतरता असताना खरेदी किंमत, असा हा व्यवहार होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चढत्या काळातील नफ्यातून 'गुंतवणूक चढउतार निधी' उभारण्याची सक्ती ही त्या मानाने अधिक शहाणपणाची तजवीज म्हणावी लागेल. मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली, तेव्हाही तिच्या मुदतपूर्तीपर्यंतच्या रोख्यांतील तोटा ताळेबंदाच्या अंकांत उतरलेला नव्हता.

नागपूर, २००२ :

किमतीचे नियम असे बारकाईने घडत असताना पहिला प्रश्न विदर्भात पुन्हा उपस्थित झाला. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने २००१-०२ मध्ये होम ट्रेड व अन्य काही दलाल कंपन्यांमार्फत सुमारे १२५ कोटी रुपयांचे सरकारी रोखे खरेदी केल्याचे दाखविले. पैसे दिले गेले, बँकेकडे व्यवहाराचे कागद आले, रोखे आले नाहीत. वर्धा आणि उस्मानाबाद येथील जिल्हा बँकाही याच कंपनीच्या व्यवहारांत सापडल्या. होम ट्रेडच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान झळकत होते, ही त्या काळाची एक खूण म्हणून नमूद करण्याजोगी बाब.

कराडच्या पावतीत आणि नागपूरच्या या कागदात लेखाकर्माच्या दृष्टीने तत्त्वतः फरक नाही. फरक ठेवीदारांत होता. येथे पैसा शेतकरी सभासदांचा आणि गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांचा होता. गुन्हा २००२ मध्ये नोंदला गेला. नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती २२ डिसेंबर २०२३ रोजी. त्या निकालाविरुद्ध अपील करण्यात आले.

कायमस्वरूपी उपाय योगायोगाने त्याच वर्षी आकारास येत होता. फेब्रुवारी २००२ मध्ये रोखे व्यवहारांची संगणकीय प्रणाली आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया यांचे काम सुरू झाले. बँकांनी सरकारी रोखे कागदी स्वरूपात न ठेवता खात्यातील नोंदीच्या रूपातच ठेवावेत, असा आदेशही २००२ मध्येच निघाला. नागरी सहकारी बँकांच्या बाबतीत, वह्यांतील गुंतवणूक प्रत्यक्ष धारणेशी जुळते, असे समवर्ती लेखापरीक्षकाने दर तिमाहीस प्रमाणित करण्याची पद्धत आहे. गोवर्धनच्या फलकावरील त्रयस्थ नोंदीची ही आधुनिक आवृत्ती होय.

वसईचे ताळेबंद :

२००१ च्या माधवपुरा प्रकरणानंतर नागरी सहकारी बँकांनी वैधानिक गुंतवणूक अन्य सहकारी बँकांतील ठेवींऐवजी सरकारी रोख्यांत ठेवावी, असा दंडक आला. अनुसूचित नागरी बँकांना एप्रिल २००३ पासून तो पूर्ण २५ टक्क्यांसाठी लागू झाला. जमिनी विकून आलेला पैसा, आखातातून व जहाजावरून येणारा पगार, नव्या वसाहतींतील नोकरदारांची बचत, अशा ठेवी बाळगणाऱ्या वसईच्या बँका या मार्गाने रोख्यांच्या बाजारात आल्या. स्थानिक कर्ज ओळखीपाळखीने पारखता येते. रोख्याची किंमत मात्र मुंबईतील लिलावात ठरते आणि संचालक मंडळाच्या अनुभवाचा तेथे फारसा उपयोग नसतो.

१२ सप्टेंबर २०२३ रोजी काढलेले आणि १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेले रिझर्व्ह बँकेचे निर्देश व्यापारी बँकांसाठी होते. त्यांनी मुदतपूर्तीपर्यंतच्या वर्गावरील कमाल मर्यादा काढली आणि त्या वर्गातून वर्षभरात होणारी विक्री आरंभीच्या मूल्याच्या ५ टक्क्यांपुरती बांधून घातली. 'विक्रीसाठी उपलब्ध' रोख्यांतील वाढ आणि घट दोन्ही स्वतंत्र राखीव निधीत थेट नेण्याची पद्धतही त्यांनी घातली. नागरी सहकारी बँका या निर्देशांच्या कक्षेत नव्हत्या. परिणामी २०२४-२५ च्या अहवालांत एकच सरकारी रोखा आचोळे रस्त्यावरील व्यापारी बँकेच्या ताळेबंदात वाढीसह उचित मूल्यास दिसू शकतो आणि सहकारी बँकेच्या ताळेबंदात खरेदी किमतीस. एम.कॉम.च्या प्रकल्पांत या दोन प्रकारच्या बँकांची गुंतवणूक एकाच तक्त्यात मांडून तुलना केलेली वारंवार पाहावयास मिळते. अशा तक्त्यात सहकारी बँकेचा आकडा घेताना परिशिष्टातील पुस्तकी किंमत, बाजारमूल्य, गुंतवणूक घसारा निधी आणि चढउतार निधी हे चारही रकाने सोबत उतरवून घ्यावे लागतात. त्यांपैकी पहिलाच रकाना घेतला, तर तुलना दोन बँकांची न राहता दोन नियमांची होते.