शेपटाकडून वाचायचे शब्द

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची ग्रीकांना ओळख होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते ‘तगर’ नावाने येते: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट. तिथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. आज तीच ग्रीक भाषा जिल्ह्यात येते ती दवाखान्याच्या कागदावरून. गुडघे धरून बसलेली आजी कागद पुढे करते आणि नातू ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’वर अडखळतो.

शब्द सामासिक आहे. विग्रह केला की सुटतो. ऑस्टिऑन म्हणजे हाड, आर्थ्रॉन म्हणजे सांधा. राहिले शेपूट, ‘आयटिस’. मूळ उच्चार ‘इटिस’, आणि काम आपल्या ‘चा-ची’सारखे. ‘आर्थ्रिटिस नोसोस’ म्हणजे सांध्याचा आजार. पुढे ‘नोसोस’, म्हणजे आजार, गळून पडला. मग युरोपातल्या वैद्यांनी त्या उरलेल्या प्रत्ययाला ‘दाह’ हा अर्थ पक्का केला आणि त्यावरून नवी नावे घडवली.

शेपटाआधीचे तुकडेही अगदी परके नाहीत. ऑस्टिऑन आणि अस्थि, कार्डिया आणि हृदय, हेपार आणि यकृत या जोड्या एकाच आदिभाषेतून फुटलेल्या. काही शब्द तर थेट ग्रीकांकडून आले: ‘केन्ट्रॉन’ ज्योतिषाच्या वाटेने ‘केंद्र’ झाला आणि आता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पाटीवर आहे. ‘सिरिंक्स’ म्हणजे पोकळ नळी. तिच्यापासून आपला सुरुंग आला आणि नर्सच्या हातातली सिरिंजही.

उच्चारात अडते ते बहुधा इंग्रजीमुळे. न्यूमोनियाच्या स्पेलिंगमधला पहिला ‘पी’ इंग्रजीने गिळला. ग्रीक मात्र ‘प्न’ असे स्वच्छ जोडाक्षर म्हणत.

असा शब्द शेपटाकडून वाचावा. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘स्कोपी’ म्हणजे पाहणे, ‘टॉमी’ म्हणजे कापणे. ‘टॉमी’आधी ‘एक्’ आला की अर्थ होतो कापून बाहेर काढणे. ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय; म्हणून हिस्टेरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढून टाकणे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची ‘पिशवी’ ऐन तरुणपणी काढली गेली. कागदावर अंगठा उठवण्याआधी अशा बाईपाशी बसून कुणीतरी हा शब्द फोडून सांगायलाच हवा. काय काढणार, ते त्या शब्दातच लिहिलेले असते. का काढणार, हे मग तिला विचारता येईल.