समूहोपचारकांचे प्रशिक्षण

समूहोपचार करू पाहणाऱ्या नवशिक्या मानसोपचारकांना ठरवून आखलेल्या सरावांमधून तयार करण्याची पद्धत. एका रुग्णासमोर बसायची सवय झालेली नजर आठ-दहा जणांच्या वर्तुळात अपुरी पडते. कोण काय बोलले याबरोबरच ते कोणाला उद्देशून बोलले, त्या वेळी कोण गप्प झाले, हेही टिपावे लागते. पहिल्याला आशय आणि दुसऱ्याला प्रक्रिया म्हणतात. प्रक्रिया दिसू लागणे हाच या प्रशिक्षणाचा गाभा.

या पद्धतीचे एक मूळ अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९४६ साली झालेल्या कार्यशाळेत आहे. दिवसभरात गटांमध्ये काय घडले यावर मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी संध्याकाळी चर्चा करत. काही प्रशिक्षणार्थी तिथे येऊन बसले. आपल्या वागण्याचे वर्णन ऐकून एका बाईंनी हरकत घेतली, इतरांनीही आपापली बाजू मांडली, आणि दिवसाच्या सत्रांपेक्षा या बैठकांतूनच लोक अधिक शिकू लागले. पुढच्या वर्षी मेन राज्यातील बेथेल येथे अशा प्रशिक्षण-गटांना सुरुवात झाली. त्याआधीच, फेब्रुवारी १९४७ मध्ये, लेविन यांचे निधन झाले होते. सरावांतील भूमिकांची अदलाबदल हे तंत्र जेकब मोरेनो यांच्या सायकोड्रामातून, म्हणजे नाट्याद्वारे उपचार करण्याच्या पद्धतीतून, आले.

‘फिशबाउल’ सरावात आतले वर्तुळ समूह चालवते आणि बाहेरचे मुकाट्याने पाहते. प्रशिक्षक मध्येच थांबवून आत्ता काय घडले ते विचारतो, मग वर्तुळांची अदलाबदल होते. भूमिकानाट्यात कोणी सतत बोलणारा, कोणी अबोल रुग्ण होतो, आणि तोच प्रसंग दोन-तीन प्रकारे हाताळून पाहतात. समूहोपचारक लुई ऑर्मोंट यांची ‘ब्रिजिंग’ रीत नवशिक्यांना फार जड जाते, पण तीच सर्वाधिक उपयोगी म्हणावी लागेल: प्रश्नाला उपचारकाने स्वतः उत्तर न देता दुसऱ्या सदस्याला बोलते करायचे.

सरावांना मर्यादाही आहे. लीबरमन, अर्विन यालोम आणि माइल्स यांच्या १९७३ च्या ग्रंथातील अभ्यासात गटात भरपूर सराव घेणारे नेते सदस्यांना अधिक कुशल वाटले, मात्र त्या गटांना झालेला लाभ कमी होता. म्हणून अनुभवी उपचारकाचा समूह पाहणे, स्वतःच्या कामावर देखरेख घेणे आणि स्वतः एखाद्या समूहाचा सदस्य होणे यांवर यालोम भर देतात. या शेवटच्या समूहाच्या प्रमुखाकडे प्रशिक्षणार्थींचे मूल्यमापन नसावे, असेही ते सांगतात.