महाडचा दुसरा सत्याग्रह आणि नेत्याची अंतर्दृष्टी

अंतर्दृष्टी म्हणजे मनात आले आणि करून टाकले, असा समज आपल्या अनेक तरुण कार्यकर्त्यांत आहे. धम्माची शिकवण तशी नाही. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा आपले गुरू सांगतात, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना सांगितले. यामागे लोभ, द्वेष, मोह आहे का, हे आधी तपासा, असाही त्यांचा आग्रह होता. स्वतःच्या मनातून उठलेल्या उर्मीलाही हीच कसोटी लागते. आपण नेमके तेच विसरतो.

या विवेकाचे उत्तम उदाहरण आम्हाला महाडला सापडते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ले झाले, तेव्हाही त्यांनी प्रतिहल्ला होऊ दिला नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तेवढ्यात सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले आणि सभेतील वातावरण तापले. तुरुंगात जायला तयार असलेले शेकडो लोक समोर बसले होते. बाबासाहेबांचा स्वतःचा कलही आधी सत्याग्रहाकडेच होता.

दोन दिवसांनी त्यांनीच सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. लढा सवर्णांशी होता; हुकूम मोडला असता तर समोर सरकार उभे राहिले असते. शिवाय कायद्याची बाजू आपली होती. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ मध्येच मंजूर झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. बाबासाहेब बॅरिस्टर होते, तेव्हा या निर्णयामागे वर्षांचा अभ्यास होता. त्याला निव्वळ अंतःप्रेरणा म्हणणे आम्हाला पटत नाही. नाराज प्रतिनिधींची त्यांनी समजूत घातली. लोकांना तसेच घरी न पाठवता तळ्याभोवती शिस्तीत मिरवणूक काढली. टाळ्यांच्या मागे धावणाऱ्या पुढाऱ्याला हे जमले नसते. आज व्हॉट्सॲपवर एक संदेश येताच मोर्चाची तारीख ठरवणाऱ्या आपल्या मंडळांनी हा प्रसंग मुळातून वाचावा.

तळ्याचा खटला पुढे जवळजवळ दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना पाणी न देण्याची अनादी रूढी सवर्णांना सिद्ध करता आली नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला.