मूठ, पायली आणि वाटी : सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरातील हिशेब

मराठीत पाककृतींच्या पुस्तकांना दीडशे वर्षांची परंपरा आहे, पण वाङ्मयेतिहासात त्यांना जागा नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चे. पहिल्या पुस्तकाचा उल्लेख क्वचित मुद्रणेतिहासात होतो, दुसऱ्याचा स्त्रियांच्या लेखनाच्या यादीत. ही पुस्तके वाचायची ती पदार्थांसाठी, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. आमच्या मते त्यांतील सर्वांत बोलका भाग पदार्थाच्या नावाखाली येणारी मापे हा आहे. घर काटकसरीने चालले असे आपण म्हणतो तेव्हा काय मोजले जात होते, किती काळासाठी मोजले जात होते आणि मोजणारा हात कुणाचा होता, हे त्या मापांत उतरलेले असते. सातारा-सांगलीच्या मुलखापुरता हा इतिहास येथे पाहावयाचा आहे. (आजचे दोन जिल्हे १९४९ पर्यंत बव्हंशी एकाच साताऱ्यात व भोवतालच्या संस्थानांत विभागलेले होते, त्या वर्षी 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. म्हणून त्यांचे स्वयंपाकघर एकच मानण्यास हरकत नसावी.)

'महिन्याचा किराणा' ही आज आपल्याला इतकी नैसर्गिक वाटते की तिलाही एक प्रारंभ असेल हे सुचत नाही. कृष्णाकाठच्या शेतकरी घराचा हिशेब वर्षाचा होता. सुगी झाली की धान्य पेवात किंवा कणगीत जाई, आणि त्यानंतरचा सगळा शहाणपणा पुढच्या सुगीपर्यंत ते पुरवण्याचा. त्याची मापे पायलीची. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि वर मण नि खंडी. ही सगळी भरून मोजण्याची मापे आहेत, तोलून मोजण्याची नव्हेत. घरच्या ज्वारीला तराजू लागत नाही. तराजू लागतो तो बाजारात.

या वर्षाच्या हिशेबातून जे पदार्थ जन्मले त्यांना आज आपण 'पारंपरिक चव' म्हणून गौरवतो. सांडगे, कुरडया, खारोड्या, मेतकूट, वर्षभराचे तिखट, येसर. ही सगळी उन्हाळ्यात केलेली बेगमी. पावसाळ्यात भाजी मिळणार नाही याची ती आधीच केलेली तरतूद होती. हुलग्याचे माडगे आणि बेसनाचा झुणका यांची गोष्ट वेगळी नाही. सणाच्या ताटातसुद्धा हिशेब दडलेला असतो. पुरणाची डाळ शिजवून उपसलेले पाणी फेकायचे नाही, त्याची कटाची आमटी करायची. म्हणजे वर्षातील सर्वांत खर्चिक जेवणाच्या शेजारी सर्वांत काटकसरीचा पदार्थ वाढला जातो, आणि जेवणाऱ्याला दोन्ही सारखेच आवडतात. माण, खटाव, जत, आटपाडी या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात मात्र हा हिशेब चवीपर्यंत पोहोचतच नसे. तेथे प्रश्न कणगीच्या तळाचा होता.

महिना आला तो पगाराबरोबर. तो दोन वाटांनी आला. एक वाट मुंबईच्या गिरण्यांची. साताऱ्याकडचे कामगार गिरणगावात राहत, आणि गावाकडच्या घरात महिन्याच्या मनिऑर्डरीची वाट पाहिली जाई. दुसरी वाट याच भूमीत तयार झाली. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. नांगर करणाऱ्या त्या कारखान्याने शेतकऱ्याच्या औताइतकेच कामगाराच्या घराचे कॅलेंडरही बदलले असावे, असे म्हणावेसे वाटते. पगारदार घरात कणगी लहान होते आणि वाण्याकडचे उचापतीचे खाते मोठे होते. उचापत हा शब्द आता मागे पडला. पण महिनाभर माल उचलायचा आणि पगाराला चुकता करायचा, या व्यवहारात घरच्या बाईला प्रथमच दर महिन्याला परीक्षा द्यावी लागू लागली. वर्षाच्या हिशेबात चूक झाली तर ती उन्हाळ्याच्या शेवटी कळे. महिन्याच्या हिशेबात ती वीस तारखेला कळते.

किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरणाऱ्यांत एके काळी भाऊराव पाटील होते. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. शिक्षणाच्या इतिहासात हे सारे नोंदलेले आहे. आम्हांला येथे त्या बोर्डिंगच्या चुलीकडे पाहायचे आहे, कारण अंगावर येणाऱ्या खर्चाला उत्पन्नाचा ठोस आधार नसताना रोजचे जेवण कसे उभे करायचे हा प्रश्न तेथे एका कुटुंबाच्या पातळीवर नव्हे, वाढत्या पंगतीच्या पातळीवर उभा होता. निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, स्वयंपाकातही हात लावत. दळण, सरपण, निवडणे, भाकरी हे श्रम घरातच केल्याने खर्च कमी होत होता, आणि त्याच श्रमाने जातीची पंगत मोडत होती. काटकसर आणि समता यांची अशी गाठ आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी पडली आहे.

या चुलीचा भार वाहिला तो लक्ष्मीबाई पाटील यांनी. सोवळ्या जैन घरातून आलेल्या या बाईने सर्व जातींच्या मुलांना घरात घेतले, अंगावरचे दागिने मुलांच्या खाण्यासाठी मोडले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. मंगळसूत्राची कथा प्रत्येक शाळेत सांगितली जाते आणि ती सांगितली जावीच. पण त्या कथेने एक गोष्ट झाकली आहे, असे आम्हांला वाटते. दागिना एकदाच मोडता येतो. डाळीत पाणी किती घालायचे हे दोन्ही वेळा ठरवावे लागते. त्यागाचा क्षण इतिहासात शिरतो, आणि त्याच्या आधीचे शेकडो दिवस, ज्या दिवशी त्या बाईने आहे त्यात भागवले, ते कुठेच नोंदले जात नाहीत. चरित्रलेखकाला प्रसंग हवा असतो. भागवणे हा प्रसंग नाही.

बोर्डिंगच्या धान्याचा एक भाग मुष्टिफंडातून येई. दळणाआधी घरातल्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते गोळा करून मुलांसाठी न्यायचे. मूठ हे सर्वांत जुने माप. ती घराच्या हिशेबात जाणवत नाही, म्हणूनच ती रोज काढता येते. शिवाय ती पुरुषाला विचारून काढावी लागत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. कणगीवर मालकी कुणाचीही असो, मूठ बाईची होती.

आता वाटीकडे. कुंडल येथे १९१३ मध्ये जन्मलेल्या आणि सांगलीत संसार केलेल्या कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये किर्लोस्करांच्या प्रकाशनाकडून निघाले. बाईंचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढे या पुस्तकाच्या लाखावर प्रती खपल्या. या यशाची कारणे पुष्कळ सांगितली जातात, पण आमच्या दृष्टीने मुख्य कारण मापांचे आहे. 'रुचिरा'ने पदार्थ वाटी आणि चमचा यांत सांगितले.

ही निवड कोणत्या काळात झाली ते पाहावे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले. दहा-बारा वर्षांत शेर, पायली, तोळा हे कायद्याने गेले; दुकानात सगळे तोलून मिळू लागले. घरात मात्र तराजू आला नाही. वाण्याचे बिल किलोत आणि चुलीवरचा हात अंदाजात, अशी एक फट पडली, आणि सासूपासून दूर बिऱ्हाड केलेल्या नव्या गृहिणीच्या हाताला तो अंदाजही नव्हता. वाटीने ही फट बुजवली. ती पायलीचीच धाकटी बहीण आहे, भरून मोजण्याचे माप. पण ती किलोशीही बोलू शकते. मध्यम वाटीने मोजले तर किलोभर तूरडाळीत सहाएक वाट्या बसतात. रोज वाटीभर डाळ लागत असेल तर महिन्याची पाच किलो. माणसे वाढली तर अर्धी वाटी जास्त, आणि एक तारखेची यादीही त्या प्रमाणात. पदार्थ बिघडून वाया जाणे ही तंग घरातली सर्वांत महाग चूक असते; मोजलेल्या कृतीने ती टळते. 'रुचिरा' हे काटकसरीचे पुस्तक म्हणून लिहिलेले नाही. तरीही महिन्याचे अंदाजपत्रक ज्यावर बांधता येईल असे एकक मराठी घराला त्यानेच दिले.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही वाटी शहरी, पांढरपेशा घरातली आहे. कृतीत साहित्याचे प्रमाण असते. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात काय उरले याचे प्रमाण नसते. आणि प्रमाण कितीही नेमके असले तरी डाळच मिळेनाशी झाली तर ते निरुपयोगी ठरते. 'रुचिरा' निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२ चा दुष्काळ पडला. माण-आटपाडीच्या बायका दुष्काळी कामांवर खडी फोडीत होत्या, तेथे सुकडी मिळत होती, रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो येत होता, आणि त्याची भाकरी करावी लागत होती. ते धान्य हाताच्या सवयीतले नव्हते. त्याला ना मूठ कामाची ना वाटी. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी मोर्चांत बायकांनी लाटणी उगारली. घरात भागवण्याची सीमा संपली की हिशेब रस्त्यावर मांडावा लागतो, हे त्यांनी दाखवले.

गिरणगावात आणखी एक वही होती. गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका महिनाभर उधारीवर जेवण देत आणि पगाराला पैसे घेत. वाण्याची उचापत त्यांच्या डोक्यावर, कामगारांची उधारी त्यांच्या वहीत. दोन्ही महिन्यांच्या मध्ये त्या उभ्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगाराची तारीख येईनाशी झाली, बरेचसे कामगार गावाकडे परतले, आणि वह्यांमधली नावे तशीच राहिली.