शाळेतील डबा : सोवळ्यापासून पोषणाच्या शिस्तीपर्यंत

मधल्या सुट्टीत मुलाने उघडलेला डबा ही भारतीय शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच नोंदली गेलेली वस्तू आहे. पाठ्यपुस्तके, परीक्षापद्धती, शिक्षणाचे माध्यम, शिक्षकांचे प्रशिक्षण यांवर विपुल लेखन झाले. परंतु घरात शिजलेले अन्न शाळेच्या आवारात आल्यानंतर त्याकडे कोण पाहते, कोणत्या अधिकाराने पाहते आणि त्यावरून कोणाची पारख होते, हा प्रश्न अभ्यासाच्या परिघाबाहेरच राहिला. डबा हा घराचा सर्वांत बोलका प्रतिनिधी असतो. कुटुंबाची जात, धर्म, प्रदेश, मिळकत आणि आईला सकाळी मिळालेला वेळ, या सर्वांची साक्ष त्याचे झाकण उघडताच मिळते. म्हणूनच डब्याची तपासणी वरकरणी अन्नाची असली, तरी तिचा निवाडा बहुधा घरावर होतो.

अव्वल इंग्रजी अमदानीत शाळेपुढील पहिला पेच अन्नाचा नव्हता, स्पर्शाचा होता. १८५६ मध्ये धारवाड येथील सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार विद्यार्थ्याला तो नाकारण्यात आला. सरकारी धोरणानुसार शाळा सर्वांना खुली होती. प्रत्यक्षात इतर विद्यार्थी शाळा सोडतील ही भीती निर्णायक ठरली. सुमारे अर्धशतकानंतर साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. नळाला स्वतः हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने तोटी उघडली तरच पाणी मिळे. ज्या शाळेत पाण्याचीच ही अवस्था, तेथे एकत्र बसून खाण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. अशा व्यवस्थेत घरचे अन्न सोबत आणणे ही केवळ सोय राहत नाही. घरच्या चुलीचे नियम उंबरठ्याबाहेर अबाधित ठेवण्याचे ते साधनही ठरते.

वसतिगृहांच्या इतिहासातून हेच अधिक स्पष्ट होते. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला. त्यांतील बहुतेक वसतिगृहे एकेका जातीची अथवा धर्मसमूहाची होती. वर्गात शेजारी बसण्यास नाइलाजाने तयार झालेला समाज पंक्तीत शेजारी बसण्यास तयार नव्हता, हे वास्तव ओळखूनच ही रचना करावी लागली. या पार्श्वभूमीवर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहाचे महत्त्व लक्षात येते. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकाच पंक्तीत जेवत. एक स्वयंपाकघर आणि एक पंगत हाच त्या प्रयोगाचा गाभा होता.

शाळेने स्वतः अन्न पुरविण्याचा विचार मात्र मद्रास शहरात अगोदरच रुजला होता. जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये तेथील नगरपालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना दुपारचे खाणे देण्याचा ठराव केला. प्रत्येक विद्यार्थ्यामागे दररोज एक आण्यापेक्षा अधिक खर्च होऊ नये अशी मर्यादा घालण्यात आली. गरीब वस्तीतील मुले शाळेत टिकावीत हा त्यामागील उघड हेतू होता. खर्चाच्या मंजुरीच्या प्रश्नावरून १९२५ मध्ये हा उपक्रम थांबला. परंतु भुकेल्या मुलाची जबाबदारी शाळेवर येते हे तत्त्व मागे राहिले. १९५६ मध्ये कामराज यांच्या सरकारने ते राज्यपातळीवर नेले आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने त्याची व्याप्ती मोठ्या प्रमाणावर वाढविली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारची राष्ट्रीय योजना सुरू झाली. आरंभी अनेक राज्यांत कोरडे धान्यच वाटले जाई. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न बंधनकारक केले आणि वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असे मान घालून दिले.

या योजनेचे मूल्यमापन बहुधा पटनोंदणी, उपस्थिती आणि पोषण या निकषांवर केले जाते. तिचा आणखी एक परिणाम तितकाच मोलाचा आहे. सर्वांच्या ताटात एकच अन्न आले की कोणाच्या घरी काय शिजते हे झाकलेले राहते. रिकाम्या डब्याची लाज आणि भरलेल्या डब्याचा तोरा, दोन्ही निदान तासाभरापुरते मागे पडतात. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य देण्यास सांगितले. त्यामुळे या ताटाला सामाजिक आशय प्राप्त झाला. धारवाडच्या शाळेत ज्याला प्रवेश नव्हता, त्याच समाजातील स्त्रीच्या हातचे अन्न आता शाळेचे अधिकृत अन्न होणार होते.

येथे डब्याच्या इतिहासाला अनपेक्षित वळण मिळाले. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यातील एका सरकारी शाळेत दलित भोजनमातेने रांधलेले अन्न खाण्यास सवर्ण विद्यार्थ्यांनी नकार दिला आणि ते घरून डबे आणू लागले. नेमणुकीतील त्रुटींचे कारण देऊन त्या स्त्रीला दूर करण्यात आले. त्यानंतर दलित विद्यार्थ्यांनीही सवर्ण स्वयंपाकिणीच्या हातचे अन्न नाकारले. प्रकरण देशभर गाजल्यावर पहिल्या भोजनमातेची पुन्हा नेमणूक झाली. सामायिक ताटातून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून येथे डब्याचा उपयोग झाला. शाळेने घराला जोखण्याऐवजी घराने शाळेला जोखले. मापदंड मात्र १८५६ चाच होता.

शहरी खाजगी शाळांत डब्याचा प्रवास निराळ्या दिशेने झाला. तेथे भुकेचा प्रश्न नव्हता, आहाराच्या गुणवत्तेचा होता. तळलेले, अतिगोड व अतिखारट पदार्थ आणि बालवयातील लठ्ठपणा यांविषयीची चिंता खरी आहे आणि शासनाने तिची दखल घेणे योग्यच होते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१६ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांबाबत सूचना काढल्या. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये उपाहारगृहांतील असे पदार्थ वर्ज्य ठरविले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत मेद, मीठ व साखर अधिक असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. या विनियमांच्या मनाईचा रोख विक्रीवर आहे, ही बाब ध्यानात घेतली पाहिजे. शाळा जे विकते वा विकू देते त्याचे उत्तरदायित्व तिच्यावर आहे. आईने घरून दिलेल्या डब्यावर निवाडा देण्याचा अधिकार त्यातून आपोआप उत्पन्न होत नाही.

व्यवहारात ही सीमारेषा पुसट झालेली दिसते. वारानुसार पदार्थ ठरवून देणारी पत्रके, डायरीतील शेरे, 'आदर्श डब्या'चे सर्वांदेखत कौतुक या गोष्टी अनेक शाळांत रूढ झाल्या. या सूचना 'पालकां'ना उद्देशून असतात, पण त्यांचा भार बहुधा आईवर पडतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटे. पहाटे उठून कामावर जाणाऱ्या बाईने डब्यात बिस्किटांचा पुडा दिला, तर तिला हयगयीचा शेरा मिळतो. तिच्या कामाच्या तासांचा विचार त्या शेऱ्यात नसतो. मुलाच्या दृष्टीने तर हा शेरा आहारशास्त्राचा नसतोच. आपल्या आईचे काहीतरी चुकले, एवढेच त्याला कळते.

आरोग्याची ही भाषा जुन्या सोवळ्याला किती सहज आश्रय देऊ शकते, हे २०२४ मधील दोन घटनांतून दिसले. ऑगस्टमध्ये नोएडातील एका शाळेने पालकांना डब्यात मांसाहारी पदार्थ न पाठविण्यास सांगितले. सकाळी शिजलेले मांस दुपारपर्यंत बिघडू शकते आणि सर्व मुलांना एकत्र बसून मोकळेपणाने जेवता यावे, अशी कारणे देण्यात आली. आक्षेप आल्यावर ही केवळ विनंती असल्याचा खुलासा झाला. पुढच्याच महिन्यात अमरोहा येथील एका खाजगी शाळेने, डब्यात मांसाहारी पदार्थ आणल्यावरून लहान मुलाला काढून टाकल्याचा आरोप पालकांनी केला. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्या कुटुंबातील मुलांना दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळवून देण्यास जिल्हाधिकाऱ्यांना फर्मावले. अन्न बिघडण्याची चिंता खरी असेल, तर ती दही, पनीर व उसळ यांनाही लागू होते. 'सर्वांना सामावून घेण्या'साठी काहींचे अन्न वगळावे लागत असेल, तर त्या 'सर्वां'त कोण मोडतात हा प्रश्न उरतोच. केंद्राच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ७१ टक्के लोक मांसाहारी आढळले होते.

हाच संकोच सरकारी ताटातही दिसतो. मध्य प्रदेशात २०१५ मध्ये अंगणवाडीत अंडी देण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला. कर्नाटकात २०२१ मध्ये शालेय आहारात अंडी येताच काही मठाधीशांनी विरोध केला. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांस केळे वा अन्य फळ, असा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा अतिरिक्त निधी थांबविण्यात आला. स्वस्त व सकस प्रथिने म्हणून ज्याची शिफारस आहारतज्ज्ञ करतात, तेच अन्न अनेकदा कोणाच्या तरी भावनेपुढे माघार घेते.

कोणते अन्न 'चांगले' ही कल्पना इतिहासात घडत आली आहे, याची जाणीव मराठी अभ्यासविश्वाला आहे. शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून दलितांच्या अन्नस्मृती अभ्यासक्रमाच्या कक्षेत आणल्या. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथाने मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यपरंपरेची नोंद केली. पाककृतींच्या छापील पुस्तकांनी ज्या स्वयंपाकघरांकडे पाहिलेच नाही, तेथील मुले आज शाळेत डबा उघडतात. 'पोळी-भाजी' हाच प्रमाण डबा मानणारे पत्रक त्यांच्या घराला नकळत उणे ठरविते.

एकंदरीत, गेल्या पावणेदोनशे वर्षांत शाळेतील अन्नाविषयीची भाषा बदलली. विटाळाची जागा प्रथम पोषणाने आणि नंतर स्वच्छता व सलोखा या शब्दांनी घेतली. या शब्दांमागे प्रामाणिक हेतू असू शकतो. एखाद्या मुलास शेंगदाण्याची घातक बाधा होत असेल, तर वर्गातील इतर डब्यांवर मर्यादा घालणेही न्याय्य ठरते; कारण तेथे धोका दाखविता येतो. धोका दाखविता येत नसेल, तेथे शाळेने पालकांना सल्ला द्यावा आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा. शाळा जे अन्न शिजवते, विकते व वाढते, त्याची कसोशीने तपासणी करणे हे मात्र तिचे कर्तव्यच आहे. साताऱ्याच्या वसतिगृहाने आणि मद्रासच्या शाळेने मुलांच्या घरची चूल तपासली नव्हती. त्यांनी मुलांना जेवू घातले होते. डब्याविषयीचे कोणतेही नवे पत्रक काढण्यापूर्वी शाळांनी या परंपरेचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.