जंतूंचा कोट आणि पेनिसिलिन



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, कोट आणि तटबंदी उभी राहते. तट ढासळला की आतली शिबंदी कितीही शूर असो, गड हातचा जातो. आज मी अशाच एका कोटाची हकीकत सांगणार आहे. हा कोट मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो असतो रोगजंतूंच्या अंगाभोवती, आणि तो पाडणारे औषध म्हणजे पेनिसिलिन.

सन १९२८ च्या सप्टेंबरातली गोष्ट. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात डॉ. अलेक्झांडर फ्लेमिंग हे गळवे आणि पुवाची दुखणी आणणाऱ्या जंतूंचा अभ्यास करीत होते. सुटीवरून परतल्यावर त्यांना दिसले की जंतू वाढवण्याच्या एका काचेच्या बशीत बुरशी धरली आहे. शिळ्या भाकरीवर बुरशी धरते ना, तशातलाच प्रकार. दुसऱ्या कोणी बशी धुऊन टाकली असती. फ्लेमिंगनी नीट न्याहाळले, तो बुरशीच्या आसपासचे जंतू विरून गेलेले! बुरशीतून पाझरणाऱ्या त्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले आणि १९२९ साली त्यावर निबंध छापला. पण ते द्रव्य शुद्ध करून टिकवणे त्यांना साधले नाही, आणि पुढली दहा वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी वळले नाही.

ते काम हाती घेतले ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी. दुसरे महायुद्ध पेटले होते. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना जीवघेण्या जंतूंची सुई टोचली आणि त्यांतल्या चौघांनाच पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध न मिळालेले चारही उंदीर मरून पडले होते. औषध मिळालेले चौघे जिवंत होते.

आता माणसाला द्यायचे, तर औषध हवे पुष्कळ. युद्धामुळे सामानाची टंचाई. या विद्वानांनी बुरशी वाढवायला इस्पितळातली, आजाऱ्यांना अंथरुणात देतात ती शौचाची भांडीसुद्धा वापरली. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या त्रेचाळीस वर्षांच्या पोलीस शिपायाला औषध टोचले. जंतूंनी त्याचा चेहरा सडवला होता, एक डोळा गेला होता. औषध सुरू होताच ताप उतरला, तो जेवू लागला. पण साठा तुटपुंजा! त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यालाच टोचण्यापर्यंत मजल गेली. अखेर औषध संपले, दुखणे उलटले आणि १५ मार्च १९४१ रोजी तो गेला.

त्याच वर्षी फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. तिथे पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेत असे आढळले की मक्यापासून स्टार्च काढताना जे पाणी उरते, त्यात ही बुरशी झपाट्याने फोफावते. पुढे १९४३ साली त्याच गावी एका नासक्या खरबुजावर अधिक औषध देणारी बुरशी सापडली. जून १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा जखमी सैनिकांसाठी पेनिसिलिनचा मोठा साठा तयार होता. १९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातही १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

हे औषध काम करते तरी कसे? सायकलचे चाक आठवा. आत हवेने तट्ट फुगलेली ट्यूब, बाहेर तिला आवळून धरणारा टायर. टायर फाटला की ट्यूब तिथून बाहेर येते आणि फाटकन फुटते. जंतूचेही तसेच. त्याच्या आतला रस बाहेरचे पाणी सारखे ओढून घेतो, म्हणून तो आतून फुगलेला असतो. त्याला आवळून धरते त्याच्याभोवतीची जाळीदार भिंत. जंतू वाढतो तसतशी ही जाळी नव्याने विणावी लागते, तिच्या धाग्यांना गाठी माराव्या लागतात. गाठी मारणाऱ्या कारागिराच्या हातात पेनिसिलिन खऱ्या धाग्याचे सोंग घेऊन अडकून बसते. गाठी पडत नाहीत, भिंत विरविरीत होते आणि जंतू फुटतो. ही कारागिरी शास्त्रज्ञांना १९६५ च्या सुमारास उलगडली.

माणसाच्या शरीरातील पेशींना अशी भिंतच नाही. म्हणून जंतू मरतो, माणूस वाचतो. आणि म्हणूनच साध्या सर्दीपडशावर वा फ्लूवर हे औषध चालत नाही. ते आजार विषाणूंचे. विषाणूंनाही अशी भिंत नाही. जिथे तटच नाही, तिथे तोफ कशावर डागणार?

पण या तोफेचे धोकेही आहेत. काही जणांच्या अंगाला पेनिसिलिन मानवत नाही. अंगावर गांधी उठतात. क्वचित श्वास कोंडतो, रक्तदाब एकदम घसरतो आणि काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. पूर्वी असा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावे. शिवाय आतड्यांतले उपकारक जंतूही मरतात, त्यामुळे हगवण लागू शकते.

सर्वांत मोठा धोका मात्र घरापुरता राहत नाही, तो गावाचा आणि देशाचा होतो. काही जंतू पेनिसिलिनचे तुकडे करणारे द्रव्य बनवतात. हे चेन आणि अब्राहम यांनी १९४० सालीच, म्हणजे त्या शिपायाला सुई टोचण्याच्याही आधी, दाखवून दिले होते. पुढे अशा जंतूंवर मेथिसिलिन हे नवे औषध १९५९ साली आले, तर १९६१ मध्ये इंग्लंडात त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले! तोकड्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात, असा इशारा फ्लेमिंगनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात दिला होता. औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि त्यांचीच वीण वाढते.

तेव्हा दुकानदाराला विचारून, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या मागून हे औषध घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आणि तितके दिवस घ्या. मनाने सोडू नका, वाढवू नका. औषधाच्या पाकिटावरची उभी तांबडी रेघ म्हणजे चिठ्ठीवाचून न घेण्याची खूण. सरकारने २०१६ साली याच खुणेचा प्रचार केला. शिक्षकबंधूभगिनींनी ती रेघ मुलांना दाखवावी. मुले घरी जाऊन सांगतील.

तो पोलीस शिपाई गेला, कारण औषध पुरले नाही. आज औषध गावोगावच्या दुकानात आहे. ते हाती असून निकामी ठरले आणि आपला माणूस गेला, तर दोष कोणाला द्यायचा?