ज्यूनो हिमक्षेत्र : विद्यार्थ्यांनी राखलेली एक नोंदवही

विज्ञानाच्या इतिहासात सिद्धान्तांची व उपकरणांची नोंद सविस्तर होते. निरीक्षणाचे सातत्य कोणी राखले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अलास्कातील ज्यूनो नगराच्या पाठीशी पसरलेल्या हिमक्षेत्राचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

टाकू ही ह्या क्षेत्रातील सर्वांत मोठी हिमनदी. शेजारची नॉरिस हिमनदी मागे हटत असता टाकू मात्र पुढे सरकत होती. ह्या विसंगतीने अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९४६ साली मेनार्ड मिलर ह्यांनी तेथे प्राथमिक पाहणी केली आणि १९४८ पासून अमेरिकन जिऑग्राफिकल सोसायटीच्या आश्रयाने नियमित संशोधनास प्रारंभ झाला. पुढे ह्या मोहिमेस उन्हाळी अभ्यासक्रमाचे रूप आले. पदवीपूर्व विद्यार्थी ज्यूनोहून निघून, पायी व स्कीवर हिमक्षेत्र ओलांडून, कॅनडातील अ‍ॅटलिन गावी पोहोचू लागले. त्यांच्या छावण्या ‘नुनाताक’वर, म्हणजे बर्फातून वर आलेल्या खडकाळ शिखरांवर असतात. हा शब्द ग्रीनलंडच्या भाषेतला आहे. जुन्या हिमास ‘फिर्न’ म्हणतात. त्या जर्मन शब्दाचा मूळ अर्थ ‘गतवर्षीचा’ असा होतो.

गतवर्षीचा पृष्ठभाग शोधणे, हेच विद्यार्थ्यांचे मुख्य काम होय. मागील उन्हाळ्याचा थर लागेपर्यंत कित्येक मीटर खोल खड्डा खणावयाचा, ठराविक अंतराने हिमाची घनता मोजावयाची आणि त्या वर्षाची भर किती पाण्याइतकी आहे, ते काढावयाचे. नवख्यांच्या हातचे मापन कितपत विश्वसनीय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने, जाणत्यांच्या देखरेखीखाली काम होत असल्याने व्यक्ती बदलल्या तरी पद्धत टिकून राहिली.

ह्या सातत्याचे मोल पुढे प्रत्ययास आले. १९४६ ते १९८८ ह्या काळात टाकूच्या हिमाचा ताळेबंद एकंदरीत वाढीचा होता. त्यानंतर तो घटीकडे झुकला. हिमनदीचे मुख मात्र त्यानंतरही अनेक वर्षे पुढेच सरकत राहिले. २०१८ च्या उपग्रहचित्रांत त्याची माघार स्पष्ट दिसली. केवळ मुखाकडे पाहणाऱ्यास जे एवढ्या विलंबाने कळले, त्याची चाहूल वरच्या खड्ड्यांतील आकड्यांनी सुमारे पाव शतक आधीच दिली होती.

त्या वर्षी खड्डा खणणाऱ्या विद्यार्थ्यास आपला आकडा एका परिवर्तनाच्या आरंभीचा आहे, हे कळणे शक्य नव्हते. एका वर्षाचा आकडा एकटा मुका असतो; त्याच्या मागचे व पुढचे आकडे मिळाले, म्हणजेच त्यास अर्थ येतो. मिलर २०१४ साली निवर्तले, तरी खणण्याचे काम थांबले नाही. दरवर्षी नवे शिकाऊ आले म्हणून नोंद टिकली, आणि नोंद चालू होती म्हणून त्या शिकाऊंच्या श्रमांस केवळ सरावापलीकडचे मोल आले. येथे अध्यापन व संशोधन ही दोन कार्ये परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत.